रिव्हॉल्व्हरची ग्रिप बदलली तरी हात दुखतोच? आधी दुखतंय कुठे ते बघा

रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांकडून ही एक तक्रार सारखी कानावर येते. सोबत आलेली ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, बोचत होती म्हणून बदलली, नवीन मऊ रबराची घेतली, पहिले काही राऊंड बरं वाटलं आणि मग परत तेच, कधी अंगठ्याच्या बुडाशी ठणका, कधी मधल्या बोटाचं पेर सुजलेलं. मग माणूस अजून जाड, अजून मऊ ग्रिप शोधतो, ड्रॉवरमध्ये जुन्या ग्रिप साठत जातात आणि दुखणं तिथल्या तिथेच.

माझं म्हणणं सरळ आहे. ग्रिप निवडताना रबर की लाकूड हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी माप, मग आकार, मग मटेरियल. आणि माप कसं कळतं, तर हात नेमका कुठे दुखतोय त्याच्यावरून, कारण प्रत्येक जागेच्या दुखण्याचं कारण वेगळं असतं आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागेचं दुखणं वाढवू शकतो.

काहीही तपासायच्या आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उघडा, त्यातले सगळे चेंबर, म्हणजे गोळ्या बसायची भोकं, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. ग्रिप बदलताना आणि पकड बघताना रिव्हॉल्व्हर खूप वेळा उलटसुलट फिरवली जाते, ट्रिगरवर बोट जातं, त्यामुळे हे टाळायचं नाही. आणि शूटिंग झाल्या झाल्या, हात धुवायच्या आधी, तळहात उजेडात धरून बघायची सवय लावा. लाल झालेली जागा थोड्या वेळात फिकी पडते आणि मग नुसतं "हात दुखतो" एवढंच लक्षात राहतं, त्याच्यावरून काही निदान होत नाही.

आता जागेप्रमाणे घेऊ.

सगळ्यात जास्त लोकांना फसवणारी जागा म्हणजे अंगठ्याच्या बुडाचा सांधा. रिव्हॉल्व्हर धरल्यावर बॅकस्ट्रॅप, म्हणजे मुठीची मागची कड, अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत बरोबर मध्ये बसायला पाहिजे, आणि नळी साधारण मनगट-कोपराच्या रेषेत यायला पाहिजे. ग्रिप पुढून मागे जाड असली की तर्जनी ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. डबल ॲक्शनला, म्हणजे ट्रिगर ओढल्यानेच हॅमर (गोळीवर ठोका मारणारा मागचा भाग) मागे जाऊन सुटतो तेव्हा, ट्रिगर जड असतो, तो ओढायला बोटाचा निदान पहिल्या पेराचा भाग तरी ट्रिगरवर लागतो, पुष्कळ जण तर पहिल्या सांध्याची घडीच ठेवतात, नुसत्या टोकाने ताकद लागत नाही. मग हात काय करतो, तर आपल्याला न कळत रिव्हॉल्व्हर थोडी बाजूला फिरवून घेतो म्हणजे बोट पोचतं. पण त्या फिरवण्यात बॅकस्ट्रॅप बेचकीतून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर येतो, आणि इथून पुढे प्रत्येक गोळीचा धक्का मऊ मांसाऐवजी सरळ हाडावर. माणसाला वाटतं ग्रिप कडक आहे, तो मागची कड पूर्ण झाकणारी जाड रबरी ग्रिप आणतो, बोटाचं अंतर अजून काही मिलिमीटर वाढतं, रिव्हॉल्व्हर अजून फिरते, सांधा अजून दुखतो. हे चक्र मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की अंगठ्याचा सांधा म्हटलं की मी आधी पकडच बघतो, ग्रिपची कंपनी नंतर.

याचा उपाय म्हणजे बारीक ग्रिप, आणि शक्यतो मागची कड उघडी असलेली, म्हणजे जिच्यात फ्रेमचं, रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याचं, लोखंड मागून दिसतं तशी. ऐकायला उलटं वाटतं, रबर काढून लोखंड कसं काय आरामाचं होणार, पण धक्का योग्य जागी आला की उघडा बॅकस्ट्रॅपसुद्धा सहन होतो.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंची केस सांगतो, हात लहान, रिव्हॉल्व्हर मधल्या साइझची, स्टीलची, गोळ्या साध्या .३८ स्पेशल, म्हणजे धक्का काही फार नाही. तरी चार-पाच सिलिंडर भरून मारून झाले की अंगठा धरून बसायच्या. त्यांच्या रिव्हॉल्व्हरवर बोटांच्या खाचा असलेली जाड रबरी ग्रिप होती. तळहाताला टाल्कम पावडर लावून त्यांना नेहमीसारखं धरायला सांगितलं आणि हात काढून बघितलं, काळ्या रबरावर मागच्या कडेची पावडर पूर्ण उजव्या अंगाला, मधोमध जवळपास काहीच नाही, आणि बोटांच्या खाचांवर प्रत्येक बोट खाचेत न बसता दोन खाचांमधल्या उंचवट्यावर टेकलेलं. एवढ्या एका ठशात सगळं आलं. मागून उघड्या, बिनखाचेच्या बारीक लाकडी ग्रिपवर गेल्या आणि अंगठ्याची तक्रार थांबली. ही पावडरची युक्ती घरी करून बघाच, गडद रंगाच्या ग्रिपवर ठसा छान दिसतो, फिक्या लाकडावर खडूची रंगीत पूड चालते, नंतर ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

दुसरी जागा मधल्या बोटाचं पेर. इथे दोषी असतो तो ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, आणि त्याच्यामागची रिकामी जागा. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरवर ट्रिगर गार्डच्या मागे फ्रेम आत वळते आणि तिथे पोकळी राहते, मधलं बोट त्या पोकळीत वर चढून गार्डला चिकटून बसतं, आणि गोळी सुटली की गार्ड मागे येऊन पेरावर आपटतो. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली .३५७ मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीची गोळी, आणली त्या काळातल्या मॅग्ना ग्रिप बघा, बाजूने वरपर्यंत छान जातात पण गार्डमागची पोकळी तशीच उघडी. म्हणून तर टायलर टी-ग्रिपसारखे अडॅप्टर आले, छोटासा धातूचा तुकडा जो मूळ ग्रिपखाली बसतो आणि ती पोकळी भरून काढतो. आजही तुमच्याकडे जुनी रिव्हॉल्व्हर असेल आणि मूळ लाकडी ग्रिप काढायचं मन होत नसेल तर अडॅप्टर हा फार सुंदर उपाय आहे. नाहीतर पोकळी भरलेली कुठलीही पूर्ण ग्रिप चालेल. या दुखण्यात मागे जाड रबर लावून काहीही फरक पडत नाही, कारण मार पुढून बसतोय.

बेचकीतच दुखत असेल, म्हणजे धरणं बरोबर आहे पण बेचकीतली कातडी लाल होते, ठेचल्यासारखी वाटते, तर मात्र जाडीचा खरंच उपयोग आहे. तोच धक्का अरुंद लोखंडी कडेवर आला तर टोचतो, रुंद जागेवर पसरला तर ढकलल्यासारखा वाटतो. म्हणून इथे मागची कड झाकणारी आणि मागून रुंद असलेली ग्रिप बघायची, फक्त आधी खात्री करा की तर्जनी अजूनही ट्रिगरवर नीट पोचतेय. स्मिथ अँड वेसनच्या .५०० मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर येणारी रबरी ग्रिप अशीच आहे, मागे मऊ थर असलेली, आणि ती कंपनीच्या के, एल आणि एन या मापांच्या फ्रेमच्या राऊंड बटवरही, म्हणजे मुठीचं खालचं टोक गोल असलेल्या फ्रेमवरही, बसते, त्यामुळे .४४ मॅग्नमवाले पुष्कळ जण ती वापरतात. हात मोठा असेल तर झकास. हात लहान असेल तर वर सांगितलेलं अंगठ्याचं दुखणं विकत घेतल्यासारखं होईल.

बेचकीला हॅमर चावत असेल तर ती वेगळी गोष्ट, हात फार वर चढलाय किंवा ग्रिपच्या वरच्या टोकाचा आकार हाताला वर सरकू देतोय. थोडं खाली धरा, पण फार खालीही नाही, कारण हात जितका नळीच्या रेषेपासून खाली तितकं तोंड जास्त उसळणार.

अंगठ्याच्या वरच्या पेराला खरचटत असेल तर ग्रिपला दोष देऊ नका, ते बहुतेक सिलिंडर उघडायच्या बटणाचं काम असतं, धक्क्यात रिव्हॉल्व्हर मागे येते आणि बटणाची कड पेरावर घासते. अंगठा खाली वळवून मधल्या बोटावर टेकवा, नाहीतर डाव्या बाजूला अंगठ्यापुरता किंचित फुगवटा असलेली ग्रिप बघा. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, पिस्तूलवाले दोन्ही अंगठे पुढे काढून धरतात तशी पकड रिव्हॉल्व्हरवर आणू नका. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून प्रत्येक गोळीला गरम गॅस आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात, मोठ्या मॅग्नमला तर अंगठ्याला गंभीर जखम होऊ शकते. ग्रिप कितीही आरामाची असो, दुसऱ्या हाताचं एकही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत जाता कामा नये.

करंगळी हवेत लटकत असेल तर ती आखूड ग्रिपची खूण. खिशात किंवा कपड्याखाली बाळगायला केलेल्या ग्रिप दोन बोटांच्याच असतात, त्या लपवायला चांगल्या, सरावाला वाईट. सरावासाठी लांब ग्रिप आणि बाळगायला आखूड अशा दोन ठेवणारे लोक आहेत, पण मग बाळगायच्या ग्रिपवर सराव कमी होतो, तेव्हा करंगळी जेमतेम टेकेल इतपत मधल्या लांबीची एकच ठेवावी असं माझं मत.

तळहाताला फोड येत असतील तर रिव्हॉल्व्हर हातात सरकतेय. चेकरिंग, म्हणजे ग्रिपवर कोरलेली चौकड्यांची जाळी, नवीन आणि टोकदार असेल तर ते कातडी सोलतं, एकदम गुळगुळीत पॉलिशचं लाकूड घामात फिरतं, आणि चिकट रबर कातडीला धरून ओढतं. बारीक दाणेदार किंवा थोडं झिजलेलं चेकरिंग मला सगळ्यात बरं वाटतं. खाचांबद्दल मत आधीच कळलं असेल, खाचा ज्याच्या बोटांवर बेतल्या त्याच्यासाठीच बऱ्या असतात, बाकीच्यांनी बिनखाचेची घ्यावी.

आणि बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा तासन् तास राहत असेल, तर ग्रिपचा शोध बाजूला ठेवून शूटिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक गणित मात्र कुठलीच ग्रिप बदलू शकत नाही. तीच गोळी निम्म्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून मारली की धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. चार इंची नळीचं रुगर कंपनीचं स्टीलचं जीपी१०० साधारण ११०० ग्रॅमच्या वर भरतं, आणि स्कँडियम मिश्रधातूच्या फ्रेमची छोटी .३५७ साडेतीनशे ग्रॅमच्या आत येते, म्हणजे तिपटीचा फरक. अशा हलक्या रिव्हॉल्व्हरमधून पूर्ण ताकदीची मॅग्नम मारून हात दुखला तर त्यात ग्रिपचा काय गुन्हा. .३५७ च्या चेंबरमध्ये .३८ स्पेशल चालते, सराव तिच्यावर करा, सिलिंडर मात्र नंतर नीट साफ करा कारण आखूड केसमुळे, म्हणजे गोळीच्या पितळी कवचामुळे, चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं बसतं आणि नंतर लांब मॅग्नम केस अडकते.

आता विकत घेण्याबद्दल. पैसे घालायच्या आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून आहे त्या ग्रिपवर चढवून बघा, किंवा टेनिस रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी गुंडाळा. जाडी वाढवून बरं वाटतंय की वाईट, हे एका संध्याकाळी कळतं. वाईट वाटलं तर तुम्हाला बारीक ग्रिप हवी हे नक्की झालं. यात ट्रिगर, हॅमर आणि सिलिंडरचं बटण मोकळं राहिलंय ना ते बघा.

मग फ्रेम ओळखा, इथे चुकीची ऑर्डर फार होते. स्मिथ अँड वेसनमध्ये जे फ्रेम छोटी, तिची ग्रिप वेगळी. के आणि एल फ्रेमचा मुठीचा भाग एकच, त्यामुळे त्यांच्या ग्रिप एकमेकींना चालतात. एन फ्रेम मोठी, तिचा स्क्वेअर बट के पेक्षा वेगळा असतो. आणि फ्रेमइतकंच महत्त्वाचं म्हणजे बट राऊंड आहे की स्क्वेअर, हे ग्रिप काढूनच बघायचं कारण ग्रिपचा बाहेरचा आकार फसवतो, राऊंड बटवर स्क्वेअर दिसणारी ग्रिप सर्रास बसवलेली असते. स्क्वेअर बटच्या फ्रेमवर राऊंडची ग्रिप मात्र बसत नाही, लोखंडाचा कोपरा बाहेर येतो. ९० च्या दशकाच्या मध्यापासून कंपनीने जवळपास सगळं राऊंड बटवर नेलं, म्हणून नवीन मॉडेल असेल तर बहुधा राऊंड, जुनं असेल तर उघडून बघा.

रुगरच्या जीपी१०० आणि सुपर रेडहॉकला मुठीच्या आकाराची फ्रेमच नाही, एक खुंटी असते आणि तिच्यावर ग्रिप चढते. त्यामुळे त्यांच्यासाठी ग्रिप बनवणाऱ्याला आकाराची खूप मोकळीक मिळते, लहान हातवाल्यांना खरोखर बारीक ग्रिप यांच्यावर मिळू शकते. साध्या रेडहॉकला मात्र नेहमीसारखी फ्रेम आहे, नाव सारखं म्हणून ग्रिप मागवू नका.

सिंगल ॲक्शनवाल्यांचं, म्हणजे हॅमर दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो त्यांचं, वेगळं. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची नांगराच्या मुठीसारखी ग्रिप धक्क्याबरोबर हातात वर फिरावी अशीच आहे, तिला करकचून आवळून रोखायला गेलं की बोटांवर मार बसतो. जड गोळ्या मारायच्या असतील तर बिस्ली पद्धतीची मूठ बघा, ती सरळ आणि लांब असते, हातात कमी फिरते. पण ती सगळ्यांच्या हाताला मानवते असं नाही, शक्य असेल तर कोणाची तरी हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मटेरियल आता. रबर धक्का थोडा खातं, घामात धरून राहतं, पण कपड्याला चिकटतं, म्हणून कपड्याखाली बाळगणाऱ्याचा शर्ट वर अडकतो. लाकूड कपड्यावरून सरकतं, आणि मुख्य म्हणजे घासून आपल्या हाताप्रमाणे करता येतं, ही त्याची खरी ताकद. १२० नंबरच्या कागदाने थोडं थोडं, सारखं हातात धरून बघत, मग ३२० ने साफ करून तेलाचा हात. शिसवी जातीची, विशेषतः कोकोबोलो लाकडाची भुकटी पुष्कळांना ॲलर्जी देते आणि जी१०, म्हणजे काचतंतूंच्या कडक थरांचं मटेरियल, त्याच्या भुकटीत काचेचे तंतू असतात, तोंडाला मास्क लावूनच घासा. डाव्या बाजूचा वरचा भाग स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) जाईल इतका खोलगट आहे का तेही बघा, नसेल तर रिकाम्या केस बाहेर पडतानाही तिथेच अडकतात.

बसवताना स्क्रू आवळायची घाई नको. स्क्रूड्रायव्हरचं तोंड खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, आणि लाकडी ग्रिपचा स्क्रू टेकला की अजून किंचित, बस, त्याच्यापुढे लाकूड तडकतं. सारखा ढिला होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, अगदी टिपूस. खालून एकच स्क्रू असलेल्या अखंड रबरी ग्रिपमध्ये आधी फ्रेमच्या पिनवर छोटं कडं अडकवायचं असतं, ते नीट बसलं नाही तर ग्रिप हलत राहते आणि लोक ग्रिपच खराब म्हणून परत करतात.

नवीन ग्रिप बसवल्यावर गोळी न उडणं, नुसता हलका ठोका पडणं असं सुरू झालं तर गोळ्यांना नावं ठेवायच्या आधी ग्रिप काढा. आतून ग्रिप हॅमरच्या स्प्रिंगला घासतेय का बघा, तिथे चमकलेला ओरखडा दिसतो. स्मिथ अँड वेसनच्या के, एल, एन फ्रेमवर पुढच्या बाजूला खाली स्प्रिंगचा ताण ठेवणारा स्क्रू असतो, तो पूर्ण आवळलेला असायला हवा, आणि पुढून झाकणारी ग्रिप एकदा चढली की तो ढिला झालेला बाहेरून दिसत नाही.

नेमही थोडा हललेला वाटेल, कारण मुठीचा आकार बदलला की नळी आपोआप जिकडे बघते ती दिशा बदलते. रिकामी रिव्हॉल्व्हर सुरक्षित दिशेला, डोळे मिटून निशाण्यावर उचला आणि मग डोळे उघडा. साइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, सारखी एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप त्या हाताला जाड किंवा बारीक आहे. गोळी लागण्याची उंचीही थोडी बदलू शकते, त्यामुळे साइट फिरवायच्या आधी नव्या पकडीची सवय होऊ द्या.

आणि रबरी ग्रिप असेल तर अधूनमधून काढून आतलं लोखंड पुसत जा. घाम आत शिरतो पण बाहेर यायला जागा नसते, निळ्या पॉलिशच्या रिव्हॉल्व्हरवर रबराखाली गंज चढलेला असतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. तेलाचा पातळ हात फिरवा, फक्त लाकडी ग्रिप असेल तर तेल कमी ठेवा, बंदुकीचं तेल मुरून लाकूड काळं आणि मऊ पडतं.